आमची सुई त्या कामाला नको

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फाशीऐवजी प्राणघातक इंजेक्शन द्यावं का, या विषयावर तुमच्या अंकात गेले काही दिवस वाचकांची पत्रं येताहेत. वकिलांची आली, एका निवृत्त पोलिस अधिकाऱ्यांचं आलं, ‘असल्यांना कसली माणुसकी दाखवताय’ म्हणणाऱ्यांची तर पुष्कळच आली. ज्यांच्या हातात ती सुई द्यायचं घाटतंय, त्यांच्यापैकी कुणी लिहिलेलं मात्र दिसलं नाही. म्हणून हे पत्र. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे होते. मिरजेत चौतीस वर्षं माणसांना झोपवण्यात आणि पुन्हा उठवण्यात गेली. उठवणं हा कामाचा अर्धा भाग, हे लोक विसरतात.

सर्वोच्च न्यायालयात ॲड. ऋषी मल्होत्रा यांची याचिका २०१७ पासून आहे. गळफासाने मृत्यू जाहीर व्हायला चाळीस मिनिटं लागतात, इंजेक्शनने पाच मिनिटांत होतं, निदान कैद्याला निवड तरी द्या, असं त्यांचं म्हणणं. विधी आयोगानेही २००३ मध्ये १८७ व्या अहवालात इंजेक्शनचा पर्याय सुचवला होता. ऑक्टोबर २०२५ च्या सुनावणीत केंद्राने असा पर्याय देणं व्यवहार्य नाही म्हटलं, त्यावर सरकार काळाबरोबर बदलायला तयार नाही असा शेरा खंडपीठाकडून आला. वाचणाऱ्याला वाटावं, एका बाजूला जुनाट दोर, दुसऱ्या बाजूला स्वच्छ नवं शास्त्र, आणि मध्ये आडमुठं सरकार. सरकार आडमुठं असेलही. पण ते शास्त्र माझं आहे, आणि ते वाटतं तेवढं स्वच्छ नाही.

आधी ती पाच मिनिटं. वाचून मला हसू आलं. पाच मिनिटांत कधी कधी शीर सापडत नाही. आमच्याकडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या गड्याचे हात बघा, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असतात, डोळे मिटून सुई जाते. पण लठ्ठ माणूस, भाजलेली बाई, नशेच्या सुया टोचून टोचून हात खराब झालेला पोरगा, यांची शीर शोधणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. आणि घाबरलेला माणूस! भीतीने शिरा आत ओढल्या जातात, कुठल्याही सिस्टरला विचारा. मग हात शेकायचा, चापट्या मारायच्या, दुसरा हात, मग पाय, नाहीच जमलं तर घोट्यापाशी कातडी कापून शीर उघडी करायची. त्याला आम्ही कट-डाऊन म्हणतो. जन्मभर हेच केलेल्यांनाही ते दर वेळी जमत नाही. पहाटे फाशीघरात ते कोण करणार?

अमेरिकेत याचं उत्तर मिळालेलं आहे. ओहायोमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये रोमेल ब्रूम नावाच्या कैद्याला दोन तास टोचत होते, किमान अठरा वेळा. शीर मिळाली नाही म्हणून परत कोठडीत पाठवलं. तो पुढे २०२० मध्ये तुरुंगातच वारला. ओक्लाहोमात २०१४ मध्ये क्लेटन लॉकेटच्या जांघेतली सुई शिरेबाहेर गेली आणि औषध मांसात उतरलं. आपल्या वॉर्डात याला ‘सलाइन आउट गेलं’ म्हणतात, हात सुजतो, सिस्टर बर्फ लावते, दुसरीकडे टोचते. तिथे तो माणूस त्रेचाळीस मिनिटांनी मेला. अलाबामात केनेथ स्मिथच्या बाबतीत २०२२ मध्ये सुईच बसेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तोंडावर मास्क चढवून त्याला नायट्रोजन दिला. काही सेकंदांत शुद्ध जाईल असं सांगितलं गेलं होतं. साक्षीला बसलेल्यांनी त्याला कित्येक मिनिटं गचके देताना पाहिलं.

पण माझा मुख्य मुद्दा सुईचा नाही, सुईतून काय जातं त्याचा आहे.

ही पद्धत १९७७ मध्ये ओक्लाहोमात जे चॅपमन यांनी आखली. ते त्या राज्याचे मुख्य वैद्यकीय परीक्षक, म्हणजे शवविच्छेदनवाले. पहिला प्रयोग डिसेंबर १९८२ मध्ये टेक्सासला झाला. औषधं तीन: पेंटोथाल, पॅव्हुलॉन आणि पोटॅशियम क्लोराइड. तिन्ही माझ्या ट्रेमधली. पेंटोथाल म्हणजे पिवळट पूड, इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवायची. ते शिरेत गेलं की पेशंट म्हणतो, ‘तोंडात लसणासारखं लागतंय’, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपतो. पोटॅशियम आम्ही सलाइनमधून अगदी सावकाश सोडतो, तरी पेशंट हात चोळत ‘सिस्टर, जळतंय’ म्हणत राहतो. आणि पॅव्हुलॉन. ते फ्रिजमध्ये असायचं. ते झोपवत नाही. दुखणं थांबवत नाही. ते फक्त स्नायू लुळे करतं, श्वासाचेसुद्धा. ऑपरेशनला ते लागतं, कारण पोट ताठ असलं तर सर्जनला आत हात घालता येत नाही.

आता फाशीघरात पोटात हात कुणाला घालायचाय? पहिलं औषध भरपूर दिलं तर तेवढ्यानेच माणूस मरतो, हृदय थांबवायला तिसरं आहेच. मग मधलं कशासाठी? बघणाऱ्यांसाठी. अंग उडू नये, तोंड वेडंवाकडं होऊ नये, काचेपलीकडे बसलेल्यांना झोपलेला माणूस दिसावा म्हणून. पहिलं औषध पुरेसं पोचलं नसेल, तर तो माणूस जागेपणी गुदमरतो आणि नंतर शिरेतून आग जाते, आणि बघणारे घरी जाऊन सांगतात, ‘शांतपणे गेला.’

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८६ चा पावसाळा होता. जतकडची एक बाई, मूल आडवं, रात्री सिझेरियन. रक्त जात होतं, पाठीत इंजेक्शन देणं धोक्याचं होतं म्हणून पूर्ण भूल दिली. सिझेरियनला बाळ बाहेर येईपर्यंत भूल हलकीच ठेवतात, नाहीतर बाळही पेंगत जन्मतं. माझा अंदाज चुकला. पेंटोथालचा अंमल उतरला, गॅस कमी पडला, स्नायू मात्र लुळेच होते. टेबलावर तसं काहीच दिसलं नाही. नाडी जरा जोरात होती, ती रक्त गेल्यानेही होते. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. ते मी बोळ्याने पुसलं. पुसलं आणि पुढच्या कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई, पोरगी झाली तवा तुमी म्हनलासा, आता हिच्या सासूला कोन सांगनार. सिस्टर हसल्या. मला समदं ऐकू येत हुतं. कापत्यात ते बी कळत हुतं. बोट हलवाय बघत हुते, हलतच नव्हतं.’ मी तशीच उभी राहिले. तिने तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, ‘आसं समद्यास्नीच हुतं काय?’

चूक माझी होती. तिची माफी मागितली, तिला ती कशाबद्दल हे नीटसं कळलं नसावं. पुढे जे जे विद्यार्थी हाताखाली आले, त्यांना मी हे सांगितलं, माझ्या त्या सासूवरच्या विनोदासकट. पण सांगायचं हे की त्या बाईला तिसऱ्या दिवशी सांगता आलं. इंजेक्शनने मारलेल्याला तिसरा दिवस नसतो. लॅन्सेटमध्ये २००५ मध्ये अमेरिकेतल्या मारलेल्या ४९ कैद्यांच्या रक्ताचा अभ्यास आला होता. ४३ जणांच्या रक्तात पेंटोथालचं प्रमाण ऑपरेशनला लागतं त्याहून कमी निघालं. रक्त मेल्यानंतर किती वेळाने काढलं यावरून त्या आकड्यांवर वादही झाला, आणि तो योग्यच होता. पण वाद मिटवायला साक्षीदार कुठून आणणार? तिकडच्या पशुवैद्यांच्या संघटनेचे नियम जनावराला दयामरण देताना स्नायू लुळे करणारं औषध एकटं वापरायला परवानगी देत नाहीत. जनावर तडफडतंय हे दिसणारच नाही, म्हणून.

मी काही कैद्यांची कैवारी नाही, हेही सांगून टाकते. १९७६ साली मी पुण्यात मेडिकलच्या होस्टेलवर होते. जोशी-अभ्यंकर खुनांचं ते वर्ष. संध्याकाळी सातला रेक्टरबाई फाटकाला कुलूप घालायच्या, सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीकडे दिवसासुद्धा आतून कडी, वर फळी. नायलॉनच्या दोरीने गळे आवळलेली अख्खी घरं. मारणारे आमच्याच वयाचे, कॉलेजात शिकणारे. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्या चौघांना फाशी झाली तेव्हा मी ससूनला एमडी करत होते. कँटीनमध्ये कुणीतरी पेढे आणले होते. मी खाल्ला. आज खाल्ला नसता असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. बरं, त्याच्या दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गळफासाची पद्धत घटनेला धरून आहे असा निकाल दिला होता. ती झटपट आहे, खात्रीची आहे, तिच्यात विनाकारण वेदना नाही, असं त्यात म्हटलं आहे.

आहे का तशी? कागदावर आहे. कैद्याचं वजन करायचं, त्यावरून तो किती खाली पडला पाहिजे ते ठरवायचं, आदल्या दिवशी त्याच्या दीडपट वजनाचं वाळूचं पोतं टांगून दोर तपासायचा. १८७२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम मारवूडने हा हिशोब जल्लादांच्या कामात आणला. उंची बरोबर असेल तर मानेचा दुसरा मणका मोडतो आणि शुद्ध लगेच जाते. कमी पडली तर माणूस गुदमरतो. जास्त झाली तर डोकं तुटतं, बगदादमध्ये जानेवारी २००७ मध्ये सद्दामच्या सावत्र भावाचं तुटलं तसं. आमचे डोसही किलोवरच असतात. तक्ता सरासरी माणसाचा असतो, टेबलावर येतो तो कधीच सरासरी नसतो. तिहारमध्ये १९८२ साली फाशी दिलेल्या दोघांपैकी एकाची नाडी दोन तासांनीही लागत होती, असं तिथल्या एका माजी अधिकाऱ्याने आठवणींत लिहिलं आहे.

आता फाशीघरात डॉक्टर आजही असतोच, फक्त खाली. १९९५ च्या परमानंद कटारा निकालापासून मृतदेह नियमानुसार अर्धा तास टांगून ठेवायचा नाही, डॉक्टरने मृत्यू झाल्याचं सांगेपर्यंतच ठेवायचा. निकाल चांगल्या हेतूने दिलेला, मेलेल्याची विटंबना नको म्हणून. पण त्या डॉक्टरच्या जागी स्वतःला उभं करून बघा. टांगलेल्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा. ठोके ऐकू आले तर? आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं की ठोके ऐकू आले की धावायचं. तिथे थांबायचं असतं. हात मागे घेऊन, घड्याळ बघत. येरवड्यात किंवा नागपूरला ज्यांनी हे केलं असेल ते नंतर कुणाशी काय बोलले, मला ऐकायला आवडेल. इंजेक्शन आलं तर हाच डॉक्टर खालून वर येईल, आणि या वेळी हातात स्टेथोस्कोप नसेल.

येईल तेव्हा येईल. कॅलिफोर्नियात फेब्रुवारी २००६ मध्ये मायकेल मोरालेसच्या वेळी न्यायाधीशांनी भूलतज्ज्ञ हजर ठेवा असा आदेश दिला. दोघे तयार झाले. मग त्यांना कळलं की कैदी जागा होतोय असं वाटलं तर त्यांनी हस्तक्षेप करायचा आहे, म्हणजे पुन्हा झोपवायचं आहे, म्हणजे तेच मारणार. काही तास आधी दोघेही बाजूला झाले. शिक्षा स्थगित झाली. त्यांची नावं बाहेर आली नाहीत, आली असती तर मी पत्र लिहिलं असतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या मंडळाने जाहीर केलं की अशा कामात भाग घेणाऱ्याची मान्यता काढून घेतली जाईल. जागतिक वैद्यक संघटनेने तर हे १९८१ मध्येच सांगितलं होतं.

औषधांचंही तसंच. अमेरिकेतल्या एकमेव उत्पादकाने २०११ मध्ये पेंटोथाल बनवणं थांबवलं. त्या टंचाईच्या दिवसांत नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने ते मुंबईच्या एका कंपनीकडून विकत घेतलं होतं. ती कंपनीही मग म्हणाली, या कामासाठी यापुढे नाही. २०१२ मध्ये मिसुरीने प्रोपोफॉल वापरायचं ठरवलं. प्रोपोफॉल म्हणजे ते दुधासारखं पांढरं, हल्ली गावागावात दुर्बिणीच्या तपासणीलाही देतात ते. माणूस मारायला वापरलं म्हणून युरोपने त्याचा पुरवठा रोखला असता तर अमेरिकेतली साधी ऑपरेशनं अडली असती. राज्यपालांना माघार घ्यावी लागली. अमेरिका सगळी इंजेक्शनवर गेली असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तिथल्या जवळजवळ निम्म्या राज्यांत मृत्युदंडच उरलेला नाही, आणि दक्षिण कॅरोलिनात मार्च २०२५ मध्ये एका कैद्याने इंजेक्शनपेक्षा गोळ्या बऱ्या म्हणून गोळ्या निवडल्या. पन्नास वर्षं झाली नाहीत, तोवर ते पुन्हा बंदुकीपाशी आले.

मग माझं मागणं काय? मार्च २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने केंद्राकडे माहिती मागितली होती: गळफासाने मरायला किती वेळ लागतो, किती वेदना होतात. त्यावर समिती नेमण्याचा विचार आहे असं उत्तर मिळालं. समितीची गरज काय? जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयानेच फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचं केलं आहे. मान खरंच मोडते की माणूस गुदमरतो हे कळावं, हेच कारण त्यात दिलं आहे. त्यानंतर देशात पाच फाशी झाल्या. नागपूरला जुलै २०१५ मध्ये याकूब मेमन, तिहारला मार्च २०२० मध्ये निर्भया प्रकरणातले चौघे. म्हणजे नियमाप्रमाणे पाच अहवाल कुठल्या तरी कपाटात असायला हवेत. दुसरा मणका मोडला होता की नाही, गळ्यातल्या हायॉइड हाडाचं काय, चेहऱ्यावर रक्ताचे ठिपके होते का, मृत्यू किती वाजता जाहीर झाला. एका पानावर मावतं. ते न्यायालयापुढे ठेवा. तुमच्यासारख्या वृत्तपत्रांनी ते माहितीच्या अधिकारात मागा.

त्याच निकालात दुसरीही एक गोष्ट आहे. दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं निर्णय न देणं हाच छळ आहे, असं त्यात म्हटलंय. आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या त्या दोन बहिणी, लहान मुलं पळवून मारणाऱ्या, त्यांना २००१ मध्ये फाशी सुनावली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जात सरकारने जवळजवळ आठ वर्षं घालवली. त्या मुलांच्या आयांनाही तेवढीच वर्षं ताटकळावं लागलं. शेवटच्या पाच मिनिटांच्या वेदनेवर जे वकील बोलतात, त्यांनी या वीस वर्षांवरही जरा बोलावं. मला ऑपरेशनच्या टेबलापेक्षा बाहेरच्या बाकावर बसलेल्यांचे चेहरे जास्त आठवतात.

फाशी असावी की नसावी यावर मी मत देत नाहीये, ते प्रत्येकाने आपल्या घरी ठरवावं. असावी असं ठरलं तर ती दोरानेच राहू द्या. दोर काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर पांढरा डगला चढवू नका.

पत्र लांबलं आहे, ठाऊक आहे. काटछाट करावी लागली तर अमेरिकेचा मजकूर कापा, जतच्या बाईंचा ठेवा. त्यांची ती मुलगी आता चाळिशीला आली असेल. माझं नाव मात्र छापू नये. मिरजेत माझ्याकडून भूल घेतलेली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांनी आता रात्री उगाच आठवत बसू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज
(नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर जोडला आहे)